सासूबाईंनी लिहिलेले माझे दिवस

प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना रोज टाचण काढावं लागतं. कोणत्या तासाला काय शिकवायचं, साहित्य कोणतं लागेल, मुलांकडून काय करून घ्यायचं हे वहीत मांडायचं आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. माझ्या सासूबाईंनी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये सगळी नोकरी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी हाताचं ते वळण गेलेलं नाही. पट्टीनं समास आखायचा, डावीकडे वार आणि दिनांक, मग वेळ, मग तपशील, आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना, शेऱ्यासाठी. २०२५च्या जानेवारीत त्यांनी एक दोनशे पानी वही अशीच आखली आणि तिच्यात माझं आजारपण लिहिलं.

त्या महिन्यात पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी ही नावं रोज पेपरात येऊ लागली. रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. बऱ्याच जणांना आधी पोटाचा त्रास झाला होता आणि काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. अशा जंतूशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती कधी कधी स्वतःच्याच नसांवर उलटते, आणि पायांच्या बोटांपासून सुरू झालेला अशक्तपणा वर चढत छातीपर्यंत येतो. माझ्या पायातली चप्पल एका सकाळी चालता चालता निसटली आणि मला ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना. मग पाणी पिताना ठसका लागू लागला. या आजाराच्या चार-पाच रुग्णांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो. मला लागला.

त्यानंतरचे काही आठवडे मला आठवतात ते असे. मी एका होडीच्या तळाशी पडलेय आणि फळ्यांखालून पाणी आत शिरतंय. त्याचा फुसफुस आवाज थांबत नाही. माझे हात कोणीतरी बांधून ठेवलेत. मधूनच कोणीतरी येतं, माझ्या गळ्याशी काहीतरी करतं आणि आतला श्वास ओढून घेऊन जातं. लांब कुठेतरी माझी मुलगी मला हाका मारतेय, गाणं म्हणतेय, परत हाका मारतेय. तिला कोणी दार उघडत नाही.

स्वप्नं जाग आल्यावर विरतात. हे विरलं नाही. हॉस्पिटलातून घरी आले, गळ्याची जखम भरून आली, बोलता येऊ लागलं, तरी होडी तशीच राहिली. दिवेलागणीची वेळ झाली की अंगाला कापरं भरायचं. झोप आली तरी मी डोळे मिटू द्यायची नाही. सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या मनात घरच्यांबद्दल एक घट्ट राग बसला होता. माझी लेक बाहेर रडत होती आणि तिला आत घेतलं नाही, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. असं कोणी केलं, हे विचारण्याचं धाडस मला होत नव्हतं. काय उत्तर मिळेल याची भीती वाटायची. नवरा रात्र रात्र उशाशी बसून असायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

आता मला माहीत आहे की अतिदक्षता विभागात राहून आलेल्या पुष्कळ माणसांच्या वाट्याला हे येतं. गुंगीची औषधं, ताप, दिवस-रात्र एकसारखा असणारा उजेड, यंत्रांचे आवाज, यांतून मेंदू स्वतःची एक गोष्ट रचतो. इंग्लंडमधल्या क्रिस्टिना जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये दाखवून दिलं की खरोखरीच सोसलेल्या वेदनेच्या आठवणींपेक्षा या भ्रमातल्या आठवणी माणसाला नंतर जास्त छळतात. वेदनेला निदान कारण असतं. भ्रमाला काही धरायलाच नसतं. पण तेव्हा हे मला सांगणारं कोणी नव्हतं, आणि मीही कोणाला काही सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी ओळखलं होतं. एका दुपारी मुलगी शाळेत गेली होती. त्या माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या. मांडीवर ती वही होती, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, वर चौकोनी लेबल. म्हणाल्या, "तू आत होतीस तेव्हाचं सगळं यात आहे. वाचायचं का? आज नको असेल तर राहू दे. वही कुठे जात नाही."

मला वही धरता येत नव्हती. बोटांत तेवढं बळच नव्हतं. त्यांनी ती माझ्यासमोर धरली आणि पानं उलटत राहिल्या.

"मंगळवार. दुपारी ३.२०. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली. गादीची मोटार सारखी फुसफुसते. वॉर्डातल्या मामांना विचारले, बंद ठेवता येईल का. नाही म्हणाले."

मी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. होडीखाली शिरणारं पाणी म्हणजे ती मोटार होती.

"शुक्रवार. सकाळी ११.०५. सक्शन. गळ्याच्या नळीतून कफ ओढून काढतात. सूनबाई फार घाबरते. हात हलत नाहीत, त्यामुळे खूणही करता येत नाही. सिस्टर आधी कानात सांगतात, ताई, दहा सेकंद. मग मोठ्याने आकडे मोजतात. मीही बरोबर मोजले."

माझे हात कोणी बांधले नव्हते. ते हलतच नव्हते. आणि श्वास ओढून नेणारं ते माणूस दहापर्यंत मोजत होतं, शेजारी उभी राहून माझी सासू मोजत होती.

"शनिवार. सायंकाळी ५.४०. लहान मुलांना आत सोडत नाहीत. नातीचा आवाज फोनमध्ये घेऊन आले. दोन गाणी, शाळेतली एक गोष्ट आणि आई आई अशा हाका. फोन कानाशी धरला. सूनबाईच्या डोळ्याच्या कडेने पाणी आले. मॉनिटरवरचा आकडा ९२ होता तो ११० झाला. परत लावू का विचारले. पापणी मिटली. परत लावला."

शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता: "उद्याही."

पुढच्या दिवसांच्या पानांवर ती नोंद रोज आहे. वेळ बदलते, गाणी बदलतात. एके दिवशी मुलीनं पाढे म्हणून पाठवले होते, एके दिवशी घरातल्या मांजराला फोनसमोर बसवायचा प्रयत्न केला होता. माझी लेक कुठल्याच दारात ताटकळत उभी नव्हती. ती घरी जेवत होती, अभ्यास करत होती आणि रोज संध्याकाळी आजीच्या फोनमध्ये बसून माझ्याकडे येत होती. तिला आत आणायला कोणीतरी रोज एसटीनं, रिक्षानं, गर्दीतून, गुडघे दुखत असताना हॉस्पिटलात येत होतं. त्या दुपारी मी किती रडले हे सांगून कळणार नाही. सासूबाईंनी वही मिटली नाही. मी थांबेपर्यंत बोट त्या ओळीवर ठेवून बसल्या.

रात्र झाली तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, दिवा घालव.

त्या वहीत भावनांचा एक शब्द शोधून सापडत नाही. मी वाचेन की नाही, जगेन की नाही, याचा उल्लेख कुठेही नाही. कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं, किती वाजता कूस बदलली, नाकातल्या नळीतून काय दिलं, भेटायला कोण आलं आणि किती वेळ थांबलं, बाहेर ऊन होतं की ढग होते, एवढंच. एका गुरुवारी मात्र नोंद अर्धीच आहे. "सकाळी ९.१५. ताप १०३. बीपी कमी. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावले." त्याच्या खाली कोरं पान, आणि शेऱ्यात: "पुढे लिहवले नाही." त्या दिवसाबद्दल मी त्यांना काही विचारलेलं नाही.

रात्रीची पानं दुसऱ्या अक्षरात आहेत. रात्री नातेवाइकांना आत थांबू देत नसत. सासूबाई वही रात्रपाळीच्या सिस्टरकडे ठेवून जायच्या आणि जमलं तर दोन ओळी लिहा म्हणायच्या. त्या मुलीवर किती रुग्णांची जबाबदारी होती हे मी नंतर पाहिलं. तरी तिनं लिहिलं. "१.१५. ताईंची कूस बदलली. नंतर झोप लागली. २.४०ला डोळे उघडले. घाबरल्यासारख्या वाटल्या. थोडा वेळ हात धरून बसले." खाली नाव नाही, फक्त "रात्रपाळी". चालता येऊ लागल्यावर मी तिला शोधायला गेले, तोवर ती दुसरीकडे नोकरीला गेली होती. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात काळ्या रात्री पहाटे पावणेतीनला माझा हात कोणी धरला होता, हे मला ठाऊक आहे, पण तिला रस्त्यात पाहिलं तर मी ओळखणार नाही. हे ऋण मला फार जड वाटतं. ते कोणाच्या पदरात टाकावं हेसुद्धा मला कळत नाही.

अशी वही लिहिण्याची रीत युरोपात आहे, हे मला पुढे वाचनातून समजलं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन या देशांतल्या परिचारिकांनी ती रुजवली. बेशुद्ध रुग्णासाठी त्याच्या दिवसांची नोंद ठेवायची आणि बरा झाल्यावर त्याच्या हाती द्यायची. त्याच जोन्सबाईंनी सहा युरोपीय देशांतल्या १२ रुग्णालयांमध्ये ३५२ रुग्णांवर याची पाहणी केली, ती २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना साधारण महिन्याभरानं वही मिळाली त्यांच्यात आघातानंतरच्या मानसिक विकाराचं प्रमाण ५ टक्के निघालं, ज्यांना मिळाली नव्हती त्यांच्यात १३ टक्के. पण २०१९मध्ये फ्रान्समधल्या ३५ अतिदक्षता विभागांत ६५७ रुग्णांची पाहणी झाली, तिच्यात असा फरक दिसला नाही. हे दोन्ही निष्कर्ष मी शेजारी शेजारी ठेवते. वही म्हणजे औषधाची गोळी नव्हे. कोणी लिहिली, कशी लिहिली, कधी दिली आणि वाचताना शेजारी कोण होतं, यावर सगळं अवलंबून असावं असं मला मनापासून वाटतं. माझ्यासमोर वही धरून बसलेली बाई प्रत्येक ओळीची साक्षीदार होती. मी "हे खरं का?" विचारलं की त्या "हो, मी तिथंच होते" म्हणायच्या. त्या वाक्याचा गुण कुठल्या पाहणीत मोजता येईल, मला माहीत नाही.

हे त्यांना कोणी शिकवलं? टाचणाची सवय होती हे खरं. पण शिक्षक तर लाखो आहेत. मी खोदून विचारलं तेव्हा त्या कोयनेच्या भूकंपाकडे गेल्या.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून गेले होते. कोयनानगरच्या परिसरात मोठा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसं गेली. सासूबाई तेव्हा शाळकरी होत्या, पाटण तालुक्यातल्याच एका गावात. त्यांच्या घराची मागची भिंत गोठ्यावर कोसळली. पुढे कित्येक दिवस माणसं उघड्यावर झोपत होती, जमीन पुन्हा पुन्हा हलत होती. शाळेची इमारत वापरण्यासारखी राहिली नव्हती, म्हणून वर्ग झाडाखाली भरू लागला. त्यांचे गुरुजी पहिल्या दिवशी पुस्तक उघडा म्हणाले नाहीत. त्यांनी मुलांना सुटे कागद वाटले आणि सांगितलं की त्या पहाटे तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. भूकंप का होतो ते नको. तुम्ही कुठे झोपला होतात, आधी काय ऐकू आलं, कोणी कोणाला उठवलं, कंदील कुठे होता. वाचून दाखवायची सक्ती नव्हती. एक मुलगा लिहिता लिहिता रडू लागला, तेव्हा गुरुजी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "रड हवं तेवढं. पण सुरू केलेलं वाक्य पुरं कर."

सासूबाई मला म्हणाल्या, "वाक्य पुरं झालं की पुढचं सुचतं गं. अर्धं राहिलं की ते रात्री येतं."

अमेरिकेत जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला तो मी नंतर वाचला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ओळीनं चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी साध्यासुध्या गोष्टींवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आघाताबद्दल. आघाताबद्दल लिहिणाऱ्यांतही ज्यांनी घडलेलं आणि त्या वेळी वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून उठल्यावर अधिकच उदास वाटलं. मात्र पुढच्या काही महिन्यांत त्यांना दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. मानसशास्त्रात या कामाचं पुढे मोठं नाव झालं आणि ते योग्यच आहे. मला मात्र ते वाचताना पाटण तालुक्यातलं ते झाड दिसत होतं. ज्यांनी ते कागद वाटले त्या गुरुजींचं नाव कुठल्याही ग्रंथात नाही, पण त्यांची विद्यार्थिनी पुढे आयुष्यभर मुलांकडून लिहून घेत राहिली. कोणाचे वडील गेले, कोणाची आई सोडून गेली, कोणाचं रान वाहून गेलं, बाई आधी कागद द्यायच्या. अशा रीतीनं त्या गुरुजींचंही देणं माझ्याकडे लागतं.

मग माझ्या हातात वही आली. लिहिणं सोडाच, पेन्सिल बोटांत थांबत नव्हती. फिजिओथेरपिस्टनी पेन्सिलीला स्पंज गुंडाळून जाड केली. सासूबाईंनी पहिलीतल्या मुलांची दुरेघी वही आणली. दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवायचं. माझा "अ" आठवडाभर रेघेबाहेर होता. त्यांनी एकदाही माझा हात धरून गिरवून घेतलं नाही. शेजारी बसायच्या, आपलं काहीतरी निवडत, सोलत. मला शब्द लिहिता येऊ लागले तेव्हा म्हणाल्या, "आता तुझी तू लिही. मी थांबते." त्या दिवसापासून त्यांनी माझ्याबद्दल लिहिणं बंद केलं.

माझ्या पहिल्या नोंदी अशा आहेत: "सोमवार. चमचा धरला. पडला." "बुधवार. चमचा. तीन घास." "रविवार. पायाच्या अंगठ्याला चादर लागलेली कळली." आतला तंतूच तुटला असेल तर नस पुन्हा वाढते ती साधारण दिवसाला एक मिलिमीटर. इतकी हळू गोष्ट कोणालाच दिसत नाही, जिच्या अंगात ती चालली आहे तिला तर नाहीच. मी रोज हताश व्हायची, कारण कालच्यासारखंच आज असायचं. पण महिन्यापूर्वीचं पान उघडलं की तिथे चमचा पडलेला असायचा, आणि आज मी वेणी घालत असायची. मला धीर द्यायला पुष्कळ लोक आले, पुस्तकंही दिली. मला उठवलं ते माझ्याच वाकड्या अक्षरांनी.

रोजनिशीबद्दल आपल्याकडे एक समज आहे की ती स्वतःशी बोलण्याची खाजगी जागा. ते आहेच. पण दुसऱ्याचे दिवस लिहून ठेवणारी माणसंही असतात, आणि त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मी आधार घेऊन चालू लागल्यावर सासूबाईंनी आगाखान पॅलेसला जायची इच्छा सांगितली. तिथे कस्तुरबांच्या समाधीशेजारी महादेवभाई देसाईंची समाधी आहे. महादेवभाई १९१७मध्ये गांधीजींकडे आले आणि तेव्हापासून गांधीजींचे दिवस लिहीत राहिले. कोण भेटलं, काय बोलणं झालं, कोणाला काय पत्र गेलं. १५ ऑगस्ट १९४२ला त्याच वाड्यात, कैदेत असताना, ते वारले. पंचवीस वर्षं एका माणसानं दुसऱ्याचं आयुष्य आपल्या डायरीत जपलं. सासूबाई तिथे बराच वेळ उभ्या होत्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते. एक तर आधारासाठी, आणि दुसरं कारण मला त्यांना सांगता आलं नाही.

आभार मानायचा प्रयत्न मी केला आहे. त्या ऐकून घेत नाहीत. "अगं, बाहेर बसून दुसरं करणार काय होते?" म्हणतात आणि विषय बदलतात. बाकड्यावर बसून करता येण्यासारखं पुष्कळ असतं हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. माणसं रडतात, नवस बोलतात, फोनवर तेच तेच सांगत राहतात, भिंतीला टेकून झोपतात. त्यांनी एक पट्टी आणि पेन मागवलं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचा दुचाकीवरून पडून अपघात झाला. डोक्याला मार होता, तोही बरेच दिवस बेशुद्ध होता. मी त्याच्या आईला भेटायला गेले ती आखलेली वही घेऊन. रात्री बसून रकाने मीच आखले होते. तिनं विचारलं, "काय लिहू? मला असलं लिहिता येत नाही." मी म्हटलं, वार, वेळ आणि काय झालं. कोण आलं. त्याला काय दिलं. कसला आवाज येत होता, कसला वास होता, त्याला ऐकवलंस काय. तुला काय वाटलं ते नाही लिहिलंस तरी चालेल, आणि एखाद्या दिवशी लिहवलं नाही तर तेवढं नोंदव. तिनं माझ्यासमोरच मोबाइलमध्ये वेळ पाहिली आणि पहिली ओळ लिहिली.

मुलगा आता घरी आहे. हळूहळू बोलतो, मध्येच शब्द हरवतो. वही त्यानं अजून मागितलेली नाही आणि तिनं दिलेली नाही. परवा जिन्यात भेटली तेव्हा विचारत होती, आपणहून द्यावी का. मी म्हटलं, आहे एवढं सांगून ठेव. मागेल तेव्हा दे, आणि तो वाचत असताना कामाला उठू नकोस, शेजारी बस.